संख्या, सीमा आणि शब्द : पर्यावरणसंस्थांच्या स्थलांतरविषयक वादाची भाषिक चिकित्सा

अमेरिकेतील सिएरा क्लब ह्या संस्थेने १९९८ साली आपल्या सभासदांपुढे एक प्रश्न मतदानासाठी ठेविला. ही संस्था लहानसहान नव्हे. जॉन म्यूर व त्यांचे सहकारी ह्यांनी १८९२ साली सान फ्रान्सिस्को येथे तिची स्थापना केली, आणि अरण्यरक्षणाच्या कार्यात तिचा शब्द तेव्हापासून वजनदार मानिला गेला आहे. संस्थेच्या कार्यकारी मंडळाने १९९६ साली असे ठरविले होते की, अमेरिकेत किती परदेशीयांनी यावे ह्या बाबतीत संस्थेने कोणतेही मत देऊ नये. हा ठराव रद्द करून, देशाची लोकसंख्यावाढ थांबविण्यासाठी नैसर्गिक वाढीबरोबर निव्वळ आगमनही घटविले पाहिजे असे धोरण संस्थेने स्वीकारावे, असा पहिला पर्याय होता; तटस्थता कायम ठेवून जागतिक लोकसंख्यावाढीच्या मूळ कारणांकडे लक्ष द्यावे, असा दुसरा. सुमारे साठ टक्के मते दुसऱ्या पर्यायास पडली. उरलेले चाळीस टक्के हे काही उपेक्षणीय अल्पमत म्हणता येणार नाही.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हा विषय हाती का घ्यावा, असा आक्षेप ह्या पत्रिकेच्या वाचकांकडून येणे स्वाभाविक आहे. त्यास माझे उत्तर असे की, ह्या वादात आकडे थोडे आणि रूपके फार आहेत, आणि जे आकडे आहेत तेही रूपकांच्या खांद्यावर बसून आले आहेत. शिवाय ह्या चळवळीचा एक प्रमुख सूत्रधार व अमेरिकेतील 'केवळ इंग्रजी' चळवळीचा एक संस्थापक हे दोघे एकच गृहस्थ होत. त्यामुळे आमच्या शास्त्राचा ह्या प्रकरणाशी आलेला संबंध ओढूनताणून आणलेला नाही.

वादाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पॉल अर्लिक ह्या जीवशास्त्रज्ञाचे 'द पॉप्युलेशन बॉम्ब' हे पुस्तक १९६८ साली निघाले, ते सिएरा क्लबच्याच सहकार्याने. त्यास प्रस्तावना लिहिली ती क्लबचे तत्कालीन कार्यकारी संचालक डेव्हिड ब्राउअर ह्यांनी. लोकसंख्या हा पर्यावरणाचा प्रश्न आहे की नाही, ह्याविषयी त्या काळी अमेरिकन संस्थांत मतभेद जवळजवळ नव्हता. तेथील राष्ट्रीय पर्यावरणधोरणाच्या कायद्यावर १ जानेवारी १९७० रोजी स्वाक्षरी झाली, त्यातही लोकसंख्यावाढीचा स्पष्ट उल्लेख आहे. जॉन रॉकफेलर तिसरे ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९७२ साली लोकसंख्या स्थिर करण्याची शिफारस केली. परंतु त्याच सुमारास अमेरिकेतील जननदर स्वतःहून प्रतिस्थापनेच्या पातळीखाली उतरला. दुसरीकडे १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोट्यांची जुनी पद्धत मोडून आशिया व लॅटिन अमेरिका येथील लोकांस दार उघडले होते. परिणामी लोकसंख्यावाढीच्या हिशेबात जन्माचे पारडे हलके व आगमनाचे पारडे जड होत गेले. ज्यांनी 'वाढ थांबली पाहिजे' एवढेच सूत्र हाती धरिले होते, ते अंकगणिताच्या ओघाने सीमेवर येऊन पोहोचले. ह्या ओघात सर्वच दुष्टबुद्धीचे होते असे नाही. पृथ्वीदिनाचे जनक सिनेटर गेलॉर्ड नेल्सन ह्यांचाही कल ह्याच बाजूस होता, आणि ब्राउअर ह्यांनी २००० साली क्लबच्या मंडळाचा राजीनामा दिला त्यामागेही, अन्य कारणांबरोबर, संस्था लोकसंख्या व स्थलांतर ह्यांविषयी बोलत नाही ही तक्रार होती.

आता मूळ ग्रंथांकडे वळू. अर्लिक ह्यांच्या पुस्तकाचा आरंभ दिल्लीत होतो. उन्हाळ्याची रात्र, टॅक्सी, पत्नी व कन्या बरोबर, आणि रस्त्यात माणसांची दाटी. लोकसंख्येचा प्रश्न बुद्धीस पूर्वीच पटला होता, त्या रात्री तो भावनेस पटला, असे लेखक सांगतो. भारतीय वाचकाने हा उतारा व्याकरणाच्या दृष्टीने पाहावा. एकच अनेकवचनी नाम, त्यापुढे एकेक क्रियावाचक धातुसाधित, पुन्हा तेच नाम, पुन्हा दुसरे धातुसाधित, अशी ती रचना आहे. खाणे, धुणे, झोपणे ह्या क्रिया कोणत्याही नगरात चालतात. परंतु कर्त्यास नाव नाही, लिंग नाही, वय नाही, धंदा नाही. दहा-पंधरा वेळा उच्चारलेले ते सामान्यनाम शेवटी माणसांचे वाचक न राहता एखाद्या द्रव्याचे वाचक होते. पाणी किंवा वाळू ह्यांसारखी संज्ञा जशी मोजता येत नाही, मापावी लागते, तशी तेथे माणसे मापली जातात. ही किमया गर्दीची नसून वाक्यरचनेची आहे. १९६१ च्या जनगणनेत संपूर्ण दिल्ली प्रदेशाची वस्ती २७ लाखांच्या आत होती. १९६० साली एकट्या न्यूयॉर्क शहराची ७८ लाखांच्या जवळ होती. अर्लिक ह्यांनी जे पाहिले ते दारिद्र्य होते, निवाऱ्याचा अभाव होता. त्यास त्यांनी संख्या हे नाव दिले. न्यूयॉर्कची तिप्पट माणसे भिंतींच्या आड खात, धूत व झोपत होती म्हणून ती कोणास दिसली नाहीत, एवढाच काय तो भेद.

'बॉम्ब' ह्या शब्दाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्यावर थांबत नाही. गॅरेट हार्डिन ह्यांची रूपके अधिक विचारार्ह आहेत, कारण त्यांवर युक्तिवादाची सर्व इमारत उभी आहे. हार्डिन ह्यांचा सामायिक कुरणाच्या शोकांतिकेवरील निबंध १९६८ साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात आला. कुरण सर्वांचे, गुरे ज्याची त्याची. प्रत्येकजण एकेक गुरू वाढवितो आणि कुरण उजाड होते. १९७४ साली त्यांनीच जीवरक्षक नौकेचे रूपक मांडिले. श्रीमंत राष्ट्र म्हणजे पन्नास माणसांची नौका, आणखी दहांस जागा आहे, आणि भोवती शंभर जण पाण्यात पोहत आहेत. सर्वांस घ्यावे तर नौका बुडेल. म्हणून कोणासही घेऊ नये व जागा राखून ठेवावी, हा निष्कर्ष.

ही दोन्ही रूपके एकाच लेखकाची, व त्यांच्या मध्ये सहाच वर्षांचे अंतर. ती एकमेकांस छेदतात हे मात्र त्यांच्या अनुयायांच्या लक्षात आलेले दिसत नाही. कुरणाच्या रूपकाचा प्राणच असा की, जागा एक आहे, तिला कुंपण नाही, आणि एकाच्या करणीचे फळ सर्वांस भोगावे लागते. नौकेच्या रूपकात प्रत्येकाची जागा निराळी, कडा उंच, व एका नौकेच्या दुष्कृत्याचा दुसरीस उपद्रव नाही. वातावरण हे कुरण आहे. ते नौका होऊ शकत नाही. एखाद्या राष्ट्राने सोडलेला कर्बवायू त्या राष्ट्राच्या नौकेत साठून राहत नाही. म्हणजे ज्या प्रश्नास आज पर्यावरणाचा सर्वांत मोठा प्रश्न म्हणतात, त्यास हार्डिन ह्यांचे पहिले रूपक लागू पडते व दुसरे पडत नाही. नौकेच्या रूपकात आणखी एक गोष्ट गाळली आहे. पाण्यात माणसे आहेत त्याअर्थी कोठेतरी एक जहाज बुडाले असले पाहिजे. ते कोणाचे होते, कोणी बुडविले, नौकेत बसलेल्यांचा त्याच्याशी काही संबंध होता काय, हे प्रश्न रूपकाच्या चौकटीबाहेर राहतात. रूपक जे दाखविते त्यापेक्षा जे लपविते त्याची चौकशी करणे हे आमच्या शास्त्राचे काम आहे.

तिसरी संज्ञा 'धारणक्षमता'. ही तर शास्त्रीय संज्ञा म्हणून निःशंक वापरली जाते. इंग्रजीतील तिचा मूळ शब्द एकोणिसाव्या शतकात जहाजाच्या मालवाहू शक्तीसंबंधी वापरला गेला, पुढे चराऊ रानात किती गुरे पोसतील ह्या हिशेबात आला, आणि तेथून प्राणिशास्त्रात व शेवटी मनुष्यसमाजात शिरला. जहाजाची क्षमता ठरलेली असते, कारण जहाज मनुष्याने विशिष्ट मापाने बांधिलेले असते. रानाची क्षमता पावसावर व गवतावर हालते. मनुष्याच्या बाबतीत तर प्रत्येक माणूस किती खातो, काय जाळतो, काय पेरतो ह्यावर ती अवलंबून राहते. परंतु संज्ञा जहाजाची राहिल्यामुळे आकडाही जहाजाप्रमाणे ठरलेला असावा असा भास टिकून राहिला आहे. मराठी 'धारण' शब्दात वाहण्याचा अर्थ नाही, धरून ठेवण्याचा आहे. तेवढ्यापुरता आपला प्रतिशब्द मूळ शब्दाहून कमी फसवा आहे.

आता १९९८ च्या मतपत्रिकेकडे परत येऊ, कारण माझ्या मते खरी ग्यानबाची मेख तिच्या वाक्यरचनेत आहे. पहिल्या पर्यायात दोन समांतर पदे होती. नैसर्गिक वाढीतील घट हे एक, निव्वळ आगमनातील घट हे दुसरे. दोन्हींस कंसात वजाबाकीची व्याख्या दिली होती : जन्म उणे मृत्यू, आगमन उणे निर्गमन. लोकसंख्याशास्त्राच्या समीकरणात ही दोन्ही पदे खरोखरच शेजारी शेजारी असतात, ह्यात चूक नाही. चूक निराळ्या ठिकाणी आहे. 'घट' हे भाववाचक नाम क्रियेचा कर्ता गिळून टाकते. त्याचे क्रियापद करून पाहावे म्हणजे भेद दिसेल. जन्म कमी होतात ते कसे? स्त्रिया शिकतात, विवाह उशिरा होतात, साधने हाती येतात, आणि जोडपी आपल्या इच्छेने मुले कमी होऊ देतात. येथे कर्ता कुटुंब आहे; संस्थेचे काम साधन व ज्ञान पुरविण्यापुरते. आगमन कमी होते ते कसे? कोणीतरी येणाऱ्यास अडवितो. पहारा बसवितो, आलेल्यास धरितो, परत घालवितो. येथे कर्ता राज्यसंस्था असून येणारा मनुष्य कर्म आहे. एका क्रियेत स्वेच्छा, दुसरीत सक्ती. नामीकरणाने दोन्ही एका रांगेत उभ्या राहिल्या व सभासदास वाटले की, संततिनियमनाचा प्रचार व सीमेवरील पहारा ही एकाच धोरणाची दोन अंगे आहेत. मराठीत हे वाक्य करू गेल्यास 'जन्म कमी होणे' व 'येणाऱ्यांस अडविणे' असे दोन निराळे धातू आपोआप पुढे येतात, एक अकर्मक आणि एक सकर्मक. मूळ वाक्यात जे झाकले गेले ते आपले क्रियापद उघडे पाडते.

तथापि दुसऱ्या बाजूसही दोषमुक्त म्हणता येत नाही. 'मत न देणे' ही भूमिका जेव्हा संस्थेने घेतली तेव्हा तिच्या अनेक दशकांच्या धोरणात अमेरिकेची लोकसंख्या स्थिर करण्याचे उद्दिष्ट होतेच. उद्दिष्ट ठेवायचे आणि त्याच्या समीकरणातील एक पद उच्चारायचे नाही, ही सुसंगत भूमिका नव्हे. विरोधकांचा हा आक्षेप बिनतोड होता. सरळ मार्ग हा होता की, राष्ट्राच्या सीमेत बसविलेले ते उद्दिष्टच तपासावे. १९९४ च्या कैरो परिषदेने लोकसंख्येच्या लक्ष्यांऐवजी स्त्रियांचे आरोग्य व हक्क ह्यांस अग्रस्थान दिले होते. ह्या विचाराचा आधार घेऊन संस्थेस आपले म्हणणे मांडता आले असते. तसे पुरेशा स्पष्टपणे झाले नाही. शिवाय डेव्हिड गेल्बाम ह्या दात्याने क्लबला दहा कोटी डॉलरांहून अधिक देणगी दिली होती, आणि संस्था कधीही स्थलांतराविरुद्ध गेली तर आपल्याकडून एक डॉलरही मिळणार नाही असे त्याने १९९४-९५ च्या सुमारास कळविले होते. ही गोष्ट वृत्तपत्रांतून बाहेर आली ती २००४ साली. देणगीने निर्णय विकत घेतला असे म्हणण्यास आधार नाही, कारण मतदान सभासदांचे होते. पण मतदारांपुढे सर्व माहिती होती असे म्हणण्यासही नाही. योग्य निर्णय अयोग्य रीतीने झाला की त्याची योग्यता लोकांस पटवून देणे कठीण होऊन बसते.

येथे जॉन टँटन ह्यांचा विचार करणे प्राप्त आहे. मिशिगन राज्यातील पेटॉस्की गावचे हे नेत्रवैद्य. आरंभी मधमाश्या पाळणारे, निसर्गप्रेमी, संततिनियमनाचे पुरस्कर्ते. १९७० नंतरच्या दशकात ते सिएरा क्लबच्या लोकसंख्या समितीचे प्रमुख होते, पुढे लोकसंख्यावाढ शून्यावर आणू पाहणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि दोन्हीकडे स्थलांतराचा प्रश्न पुढे रेटता येत नाही असे पाहून १९७९ साली त्यांनी स्थलांतरनिर्बंधासाठी स्वतंत्र संस्था काढिली. त्यानंतर १९८३ साली, सिनेटर हायाकावा ह्यांच्या साहाय्याने, इंग्रजीस अमेरिकेची राजभाषा करण्यासाठी 'यू. एस. इंग्लिश' ही संस्था स्थापिली.

हायाकावा हे नाव आमच्या विभागातील जुन्या विद्यार्थ्यांस अपरिचित नसावे. एस. आय. हायाकावा हे अर्थविचाराचे अध्यापक. शब्द म्हणजे वस्तू नव्हे, नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे, ही शिकवण सामान्य वाचकांपर्यंत नेणाऱ्या एका अत्यंत लोकप्रिय पुस्तकाचे ते कर्ते. जपानी आईबापांच्या पोटी कॅनडात जन्मलेले आणि स्वतः अमेरिकेत स्थलांतर करून आलेले. त्यांनीच १९८१ साली इंग्रजीस राजभाषा करणारी घटनादुरुस्ती सिनेटपुढे मांडिली. इंग्रजी शिकल्याने स्थलांतरितांचे कल्याण होते हा त्यांचा विश्वास प्रामाणिक असावा असे मला वाटते. परंतु टँटन ह्यांचा हेतू तेवढाच नव्हता. १९८६ साली सहकाऱ्यांसाठी लिहिलेले त्यांचे एक टिपण १९८८ साली वृत्तपत्रांच्या हाती लागले. लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्यांचा जननदर आणि त्यापायी सत्ता कोणाच्या हाती जाईल, अशा स्वरूपाची चिंता त्यात होती. संस्थेच्या अध्यक्षा लिंडा चावेझ व सल्लागारांपैकी वॉल्टर क्रॉन्काइट ह्यांनी राजीनामे दिले; टँटन ह्यांसही बाहेर पडावे लागले. अमेरिकेच्या भाषाशास्त्र परिषदेने १९८७ साली 'केवळ इंग्रजी' धोरणाविरुद्ध ठराव केला होता. चळवळ मात्र संपली नाही. इंग्रजी ही देशाची राजभाषा असल्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ह्यांनी १ मार्च २०२५ रोजी काढिला.

टँटन ह्यांचे उदाहरण मी त्यांच्या सर्व सहमतांस दोषी ठरविण्यासाठी दिलेले नाही. मत कोण मांडतो ह्यावरून मताचे मूल्य ठरत नाही, हे तर्कशास्त्राचे पहिले सूत्र आहे. उदाहरणाचे महत्त्व निराळे आहे. नदी, अरण्य, हवा ह्यांपासून निघालेला युक्तिवाद ज्या मनुष्यास भाषेच्या व वंशाच्या प्रश्नावर इतक्या सहजतेने घेऊन गेला, त्या युक्तिवादात 'आपण' ह्या सर्वनामाची व्याप्ती आरंभापासूनच संकुचित असली पाहिजे. 'आपली जमीन', 'आपले पाणी', 'आपली धारणक्षमता' ह्यांत 'आपण' म्हणजे कोण, हे निसर्गविज्ञान सांगत नाही. मराठीने तर समावेशक 'आपण' व व्यावर्तक 'आम्ही' असा भेद ठेविलेला आहे. इंग्रजी सर्वनामास तो करता येत नाही, आणि म्हणून तेथे 'आम्ही'चा माल 'आपण'च्या वेष्टनात खपतो.

२००४ च्या मंडळ-निवडणुकीत हा वाद पुन्हा उसळला. कोलोरॅडोचे माजी राज्यपाल रिचर्ड लॅम, कॉर्नेलचे कीटकशास्त्रज्ञ डेव्हिड पिमेंटेल व फ्रँक मॉरिस हे निर्बंधवादी उमेदवार होते. वांशिक संघटना संस्थेचा कबजा घेऊ पाहत आहेत हा इशारा देण्यासाठी नागरी हक्कांचे वकील मॉरिस डीस स्वतः उभे राहिले. निर्बंधवाद्यांचा मोठा पराभव झाला. २०१३ साली संस्थेने तटस्थता सोडून कागदपत्रांविना राहणाऱ्यांस नागरिकत्वाचा मार्ग मिळावा असे मत दिले. हा विषय आपला नव्हे असे १९९८ साली सांगणाऱ्या संस्थेने पंधरा वर्षांनी तो आपला म्हणावा, हे तिच्या टीकाकारांस फावले, आणि मला ती टीका अगदीच अनाठायी वाटत नाही.

मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. निर्बंधवादाचा सर्वांत समर्थ युक्तिवाद कोणता? तो असा : अमेरिकेत दरडोई कर्बवायूचे उत्सर्जन वर्षास सुमारे चौदा टन, भारतात सुमारे दोन टन. भारतातून वा मेक्सिकोतून एक मनुष्य तेथे गेला की जगाच्या उत्सर्जनात भर पडते. म्हणून पर्यावरणसंस्थेने ते स्थलांतर रोखण्याच्या बाजूने उभे राहावे. गणित म्हणून हे ठीक दिसते. पण त्याचा अर्थ लावून पाहावा. तोच मनुष्य घरी राहून अमेरिकनासारखा श्रीमंत झाला तरी उत्सर्जन तितकेच वाढेल. तेव्हा युक्तिवादाचे खरे विधान 'त्याने येथे येऊ नये' हे नसून 'त्याने गरीब राहावे' हे आहे. असे विधान उघडपणे करण्यास कोणीही धजणार नाही. सीमेच्या आडून ते करिता येते. शिवाय अपराध चौदा टनांच्या राहणीत आहे, आणि त्या राहणीविषयी बोलण्याचा अधिकार तर पर्यावरणसंस्थेस निर्विवाद आहे. २००५ नंतर अमेरिकेची लोकसंख्या वाढत असतानाच तिचे ऊर्जाजन्य उत्सर्जन सुमारे एक-पंचमांशाने उतरले. कोळशाची जागा वायूने व वाऱ्याने घेतली हे त्याचे मुख्य कारण. म्हणजे डोकी मोजण्यापेक्षा भट्ट्या बदलण्याने अधिक काम झाले.

दुसरा युक्तिवाद स्थानिक आहे व तो मला अधिक विचारणीय वाटतो. पाणी, शेतजमीन, वन्य प्राण्यांची वसतिस्थाने ह्यांवर माणसांच्या दाटीचा भार पडतो, ह्यात शंका नाही. परंतु निसर्गाचा हिशेब करावयाचा तर एकक निसर्गाचे घ्यावे. कोलोरॅडो नदीचे खोरे सात अमेरिकन राज्यांत व मेक्सिकोतही पसरले आहे. ओहायोहून फिनिक्सला राहावयास आलेला निवृत्त गृहस्थ त्या नदीचे जेवढे पाणी पितो तेवढेच सोनोराहून आलेला मजूर पितो. किंबहुना गृहस्थाच्या हिरवळीस व पोहण्याच्या तलावास ते अधिक लागते. तरी राज्याच्या सीमेवर ओहायोकरांस अडवावे असे कोणतीही संस्था म्हणत नाही. राष्ट्रसीमा हे एकक राजकारणाने पुरविलेले आहे, जलशास्त्राने नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये एकोपॉप ह्या संस्थेने हा प्रश्न सरळ जनमतास घातला : निव्वळ आगमन लोकसंख्येच्या ०.२ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवावे आणि विकाससाहाय्यातील दहा टक्के रक्कम परदेशांतील ऐच्छिक कुटुंबनियोजनास द्यावी. ३० नोव्हेंबर २०१४ रोजी सुमारे ७४ टक्के मतदारांनी तो प्रस्ताव फेटाळला. स्विस लोकांच्या सीमा व त्यांच्या मलनिःसारणाच्या सीमा एक नाहीत, ऱ्हाइन पुढे जर्मनीत जाते, एवढे तरी तेथील मतदारांस ठाऊक असावे.

मग पर्यावरणसंस्थेने लोकसंख्येविषयी मौन पाळावे काय? मुळीच नाही, आणि ह्या बाबतीत आपल्या भाषेचा इतिहास उद्बोधक आहे. र. धों. कर्वे ह्यांनी १९२१ साली मुंबईत सल्लाकेंद्र उघडले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालविले, तेव्हा त्यांचा शब्द होता 'संततिनियमन'. त्या समासात नियमन करणारी ती स्त्री किंवा ते जोडपे, आणि नियमन कशाचे तर स्वतःच्या संततीचे. पुढे 'कुटुंबनियोजन' आले. त्यात योजना आली आणि योजनेबरोबर सरकार आले. 'लोकसंख्यानियंत्रण' ह्या शब्दात कुटुंब उरले नाही; नियंत्रण करणारा एक, ज्यांचे करावयाचे ते कोट्यवधी. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या शस्त्रक्रियेचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. पण १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्या कशा झाल्या हे सर्वांस ठाऊक आहे. १९७७ नंतर खात्याचे नाव 'कुटुंबकल्याण' झाले; शब्द बदलावा लागला इतका जुना शब्द भाजला गेला होता. पर्यावरणसंस्थांनी कर्व्यांच्या समासाच्या मर्यादेत जेवढे बोलता येईल तेवढे बोलावे. त्यापलीकडे गेल्यास कर्ता बदलतो.

स्थलांतराच्या संख्येबाबत मात्र माझे मत असे की, पर्यावरणसंस्थेने पर्यावरणसंस्था ह्या नात्याने आकडा सांगू नये, कारण तो आकडा तिच्या ज्ञानातून निघत नाही. सभासदांनी नागरिक ह्या नात्याने काय वाटेल ते म्हणावे. आपल्याकडेही 'लोंढे' हा शब्द मुंबईत येणाऱ्यांसाठी सर्रास छापला जातो. पावसाळी पाण्याचा हा शब्द माणसांस लावताना कोणाचा हात अडखळत नाही. कॅलिफोर्निया व न्यू जर्सी येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस मात्र आपण 'परदेशस्थ' म्हणतो, आणि टँटन ह्यांच्या कोष्टकात ती कुटुंबेही निव्वळ आगमनातच धरली जात होती.

ह्याचा अर्थ सीमेचा प्रश्न पर्यावरणसंस्थेस सर्वथा वर्ज्य आहे असा नव्हे. अमेरिकेच्या २००५ च्या रिअल आयडी कायद्याने सीमेवर कुंपण व भिंत बांधण्यासाठी संकटग्रस्त प्राण्यांच्या संरक्षणाच्या कायद्यासह इतर कायदे बाजूस सारण्याचा अधिकार एका मंत्र्याच्या हाती दिला. अॅरिझोनाच्या डोंगरांत जग्वार व अन्य प्राणी सीमेच्या दोन्ही बाजूंस हिंडतात. भिंत त्यांची वाट तोडते. २०१९ साली सिएरा क्लबने ह्या भिंतीसाठी अन्य खात्यांतून वळविलेल्या निधीविरुद्ध दावा लाविला. त्या दाव्यातील वादासाठी देशात वर्षास किती माणसे यावीत ह्याचा कोणताही आकडा लागला नाही. निधी कोणाच्या अनुमतीने खर्च होत आहे आणि भिंतीच्या वाटेत कोणती भूमी येते, एवढेच न्यायालयापुढे सांगावयाचे होते.